छायाचित्रांतील हरवणाऱ्या छटा

जुन्या पिढींतील सुवासिनींचीं छायाचित्रें ज्यांनीं लक्ष देऊन पाहिलीं असतील, त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली असेल. कपाळावरचें कुंकू त्यांत काळेंभोर दिसतें. ज्या चित्रांत रंगच नाहींत त्यांत तांबड्याला कसली तरी करडी छटा मिळावी हें ठीकच आहे. पण प्रत्यक्षांत जें कुंकू दुरूनहि डोळ्यांत भरतें, तें चित्रांत काजळासारखें कां व्हावें? फार जुन्या चित्रांत हळदी रंगाच्या लुगड्याची आणि जरीच्या कांठांची तीच गत झालेली असते, आणि उलटपक्षीं निळें आकाश मात्र कोऱ्या कागदाप्रमाणें पांढरें पडलेलें असतें. याचें उत्तर छायाचित्रकाराच्या हलगर्जीपणांत नाहीं, त्याच्या काचेच्या स्वभावांत आहे. त्या काचेवरील रासायनिक लेपाला निळा व जांभळा प्रकाश तेवढा दिसे. तांबडा प्रकाश त्याच्या दृष्टीनें अंधारच होता. ज्याला आपण ‘जसेंच्या तसें’ चित्र समजतों तें पहिल्या क्षणापासून अशी एक निवड असतें. कांहीं उजेड ठेवलेला, कांहीं टाकलेला.

ही पहिली निवड आतां कोणालाच बदलतां येणार नाहीं. परंतु दुसरी एक निवड आज आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे, आणि ती करणारे आपणच आहों. घरोघरच्या ट्रंकांतून, माजघराच्या भिंतींवरून आणि वाळवीनें अर्ध्यामुर्ध्या खाल्लेल्या आल्बमांतून जुने फोटो बाहेर निघत आहेत, स्कॅनरच्या काचेवर पालथे पडत आहेत, आणि संगणकाच्या पडद्यावर ‘सुधारले’ जात आहेत. फिकट झालेलें चित्र एका कळीसरशी ठसठशीत होतें. घरांतलीं माणसें खूष होतात. त्या ठसठशीतपणाच्या मोबदल्यांत काय गेलें, हें मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. आजोबांच्या पागोट्याच्या चुण्या एका पांढऱ्या डागांत विरून जातात. आजीच्या चंद्रकळेचा पोत, तिच्या घड्या, पदराची किनार, सारें शाईच्या एका डबक्यांत बुडतें. पुढें मूळ फोटो ओला झाला, फाटला, किंवा ‘आतां याचें काय काम’ म्हणून केरांत गेला, कीं त्या चुण्या आणि त्या घड्या कायमच्या गेल्या. अनेक घरांत त्या माणसाचें तेवढें एकच चित्र असतें. म्हणून या प्रश्नाचा इतिहास थोडा तपशिलानें पाहणें मला अगत्याचें वाटतें. तो आपण समजतों त्याहून पुष्कळच जुना आहे.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकारानें १८५१ सालीं कोलोडियनची कृति प्रसिद्ध केली. काचेवर चिकट द्रावणाचा लेप द्यावयाचा, तो रुप्याच्या क्षारांत बुडवून प्रकाशाला संवेदनशील करावयाचा, आणि लेप ओला आहे तोंच चित्र घेऊन, धुवून मोकळें व्हावयाचें. ही कृति मोठ्या कष्टाची होती, पण तिनें मिळणारी बारकाई अपूर्व होती, आणि पुढें सुमारें तीस वर्षें तिचेंच राज्य चाललें. तिची खोड एकच, पण जबर. जमिनीवरील झाडेंझुडपें नीट उमटावीं म्हणून काच जितका वेळ उघडी ठेवावी लागे, तितक्या वेळांत निळ्या आकाशाचा उजेड काचेवर इतका सांचे कीं ढगांची नांवनिशाणी उरत नसे. आकाश टिपावें तर जमीन काळी, जमीन टिपावी तर आकाश कोरें. बहुतेकांनीं आकाशावर पाणी सोडलें. कांहींजण तर काचेचा तो भाग काळ्या रंगानें रंगवून टाकीत, म्हणजे छापतांना तो निदान स्वच्छ पांढरा यावा.

पॅरिसमधील गुस्ताव्ह ल ग्रे यानें ही शरणागति पत्करली नाहीं. तो मूळचा चित्रकार. १८५६ व १८५७ या दोन वर्षांत त्यानें समुद्राचीं जीं चित्रें काढलीं, त्यांनीं लंडन-पॅरिसचे प्रेक्षक थक्क झाले. खालीं फुटती लाट, वर उजळलेले ढग, आणि दोन्ही एकाच चित्रांत! त्यांपैकीं कांहीं चित्रांत त्याची युक्ति अशी होती: समुद्रासाठीं एक काच, आकाशासाठीं दुसरी काच, दोन्ही स्वतंत्रपणें, ज्याच्या त्याच्या उजेडाच्या मानानें घेतलेल्या, आणि छापतांना क्षितिजाच्या रेषेवर दोहोंचा सांधा. सेत बंदरावरील ‘मोठी लाट’ हें १८५७ चें चित्र या पद्धतीचा नामांकित नमुना आहे. एकच आकाश त्यानें एकाहून अधिक समुद्रांवर पसरलेलें आढळतें, तेव्हां हा प्रामाणिकपणा कीं लबाडी, असा प्रश्न निघतो. माझ्या मतें ल ग्रेनें खोटेंहि सांगितलें आणि खरेंहि सांगितलें. त्या समुद्रावर त्या घटकेस तेच ढग नसतील. पण समुद्रावर ढग असतात आणि माणसाच्या डोळ्याला ते एकाच वेळीं दिसतात, ही गोष्ट कोऱ्या आकाशापेक्षां अधिक खरी होती. त्याचें पुढचें आयुष्य मात्र फार हालाखीचें गेलें. धंदा बुडाला, १८६० सालीं अलेक्झांडर ड्यूमा या कादंबरीकाराबरोबर तो पॅरिस सोडून निघाला तो परतलाच नाहीं. १८८४ सालीं कैरोमध्यें तो वारला.

आपल्याकडे हें शास्त्र आश्चर्य वाटावें इतकें लवकर आलें. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालींच स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या सभासदांत होते. आणि उजेड-अंधाराच्या या झगड्याला अजिंठ्यापेक्षां कठीण जागा कोठें शोधावी? लेण्याच्या तोंडाशीं दुपारचें ऊन, आंत दहा पावलांवर मध्यरात्र. मद्रासच्या लष्करांतील रॉबर्ट गिल हा अधिकारी तेथें वर्षानुवर्षें राहून भित्तिचित्रांच्या तैलप्रती करीत असे, आणि पुढें तो छायाचित्रणाकडेहि वळला; जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याचीं लेण्यांचीं छायाचित्रें १८६४ सालीं ग्रंथरूपानें निघालीं. त्याच्या तैलप्रतींपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत जळाल्या. म्हणून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांकडून १८७२ पासून पुन्हां नव्यानें प्रती करविल्या, तर त्यांतल्याहि पुष्कळशा १८८५ सालीं लंडनमध्येंच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. मूळ चित्रें इकडे अजिंठ्यांत झिजतच होतीं. एक प्रत केली म्हणजे वस्तु सुरक्षित झाली असें समजणाऱ्यांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवावी.

आतांपर्यंत सांगितलें तें कारागिरांच्या हातोटीचें झालें. छटा नेमकी कोठें आणि कशी हरवते, हें मोजून दाखविणारे दोन गृहस्थ मात्र कारागीर नव्हते. लँकेशायरमधील विड्नेस हें सोड्याच्या कारखान्यांचें, धुरकट, कुबट वासाचें गांव. तेथें फर्डिनंड हर्टर हा स्वित्झर्लंडमधून आलेला रसायनशास्त्रज्ञ आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड हा इंजिनिअर, हे एकाच कारखान्यांत नोकरीस होते. ड्रिफील्डला छायाचित्रांचा नाद. त्यानें १८७६ च्या सुमारास हर्टरलाहि त्या नादीं लाविलें, आणि हर्टरला पहिल्याच दिवसापासून एका गोष्टीचा वीट आला: या विद्येंत कोणतीच गोष्ट मोजलेली नाहीं! काच किती वेळ उघडी ठेवावी? अंदाजानें. किती वेळ धुवावी? नजरेनें. कारखान्यांत असा कारभार केला असता तर दोघांनाहि घरीं बसावें लागलें असतें. मग सुट्टीच्या वेळांत, स्वतः बनविलेल्या उपकरणांनीं, त्यांनीं वर्षानुवर्षें मोजमाप केलें: अमुक इतका उजेड दिला असतां काचेवर किती रुपें काळें पडतें? त्याचें फळ म्हणजे ३१ मे १८९० रोजीं रसायन-उद्योगाच्या एका शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध.

काळेपणा मोजण्याचें माप त्यांनीं ‘घनता’ या नांवानें ठरविलें. काचेंतून एक-दशांश उजेड पार जात असेल तर घनता एक. एक-शतांश जात असेल तर दोन. एक-सहस्रांश, तर तीन. ही घातांकांची भाषा उगाच नाहीं. आपला डोळाहि उजेडांतील वजाबाकी पाहत नाहीं, गुणोत्तर पाहतो; एका समईशेजारीं दुसरी समई लावली तर केवढा फरक जाणवतो, पण शंभर समयांत एकीची भर पडली तर कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

या मापानें त्यांनीं जी वक्ररेषा काढली ती आपण घाटाच्या रस्त्यासारखी कल्पावी. आडवें अंतर म्हणजे दिलेला उजेड, उंची म्हणजे उमटलेला काळेपणा. खोपोलीकडून बोरघाट चढूं लागलों म्हणजे प्रथम बराच वेळ वाट जवळजवळ सपाट असते. मग सरळ, एकसारखा चढ लागतो. आणि माथ्यावर पोंचलों कीं पुन्हां सपाटी. मधल्या चढावर दोन माणसें फर्लांगभर अंतरानें चालत असतील तर त्यांच्या उंचींतहि तितक्याच मानानें फरक असतो. पण पायथ्याशीं तींच दोन माणसें कितीहि पुढें-मागें असलीं तरी उंचीनें सारखींच. छायाचित्रांत सावलींतील छटा या पायथ्यावर पडतात, आणि झगझगीत उजेडांतील छटा माथ्यावर. वस्तुतः त्या वेगवेगळ्या असतात. काचेवर मात्र त्यांची उंची एक होते. छटा हरवणें म्हणजे नेमकें हेंच: जीं दोन होतीं तीं एक होणें. आणि एकदां एक झालेलीं दोन पुन्हां वेगळीं करण्याचें सामर्थ्य कोणत्याहि रसायनांत नाहीं. काच अधिक वेळ धुतली तर मधला चढ अधिक उभा होतो, कमी धुतली तर तो सौम्य होतो, इतकें छायाचित्रकाराच्या हातीं आहे. पायथ्याखालीं जें नोंदलेंच गेलें नाहीं तें धुवून उगवत नाहीं.

या निबंधानें मोठी खळबळ उडविली. पीटर हेन्री इमर्सन हा त्या काळचा अग्रणी छायाचित्रकार. छायाचित्रण ही निसर्गाशीं इमान राखणारी कला आहे, असें प्रतिपादन करणारा ग्रंथ त्यानें १८८९ सालींच लिहिला होता. छटांचें परस्परप्रमाण आपल्या मर्जीनें हलवितां येत नाहीं, तें रसायनानें बांधलेलें आहे, हें कळतांच १८९०–९१ च्या सुमारास त्यानें काळ्या चौकटीची एक पत्रिका छापून आपलें मत जाहीर रीतीनें मागें घेतलें. जणु कोणी वारल्याची खबर! एका आलेखामुळें एवढ्या मानी माणसानें एवढी माघार घ्यावी याची गंमत वाटते, आणि ती घाईचीहि वाटते. सतारीचे पडदे ठरलेले आहेत म्हणून सतार वाजविणारा कलावंत नव्हे, असें कोणी म्हणत नाहीं.

कुंकवाचें कोडें सोडविण्याचा आरंभ तोंपर्यंत झाला होता. हेर्मान व्हिल्हेल्म फोगेल या बर्लिनच्या प्राध्यापकाला १८७३ सालीं असें आढळलें कीं, काचेच्या लेपांत विशिष्ट रंगद्रव्य मिसळलें असतां तिला हिरवा प्रकाशहि दिसूं लागतो. त्यामुळें हळदी-पिवळ्याची सुटका झाली. तांबड्याची व्हावयास विसावें शतक उजाडलें. १९०६ सालीं सर्व रंगांना डोळे असलेल्या काचा इंग्लंडांत विक्रीस आल्या. पण त्या सर्वत्र रुळण्यास आणखी पुष्कळ वर्षें लागलीं, आणि आपल्या गांवोगांवच्या फोटोवाल्यांच्या अंधाऱ्या खोलींत तांबडा दिवा अजून जळत होता तोंवर कुंकू काळेंच राहिलें. तो तांबडा दिवा चालत होता, याचाच अर्थ काचेला तांबडें दिसत नव्हतें!

हर्टर-ड्रिफील्डांचा आलेख कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत राहिला असता. त्याला चित्र काढणाऱ्याच्या हातांतलें हत्यार बनविलें तें अमेरिकेंत, १९३९–४० च्या सुमारास, ॲन्सेल ॲडम्स व फ्रेड आर्चर या दोघांनीं. ॲडम्स हा तरुणपणीं पियानोवादक व्हावयाच्या तयारींत होता, आणि त्याच्या पद्धतीवर त्याची छाप उघड दिसते. निखळ काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंत त्यांनीं शून्य ते दहा असे अकरा पट्टे कल्पिले. प्रत्येक पट्टा आधीच्याच्या दुप्पट उजेडाचा. समोरच्या देखाव्यांतील कोणती वस्तु कोणत्या पट्ट्यावर बसवावयाची हें चित्र घेण्यापूर्वींच मनांत ठरवावयाचें, मग उजेडाचा वेळ सावलीवरून आणि धुण्याचा वेळ झळाळीवरून ठरवावयाचा. सावलीवरून कां? कारण निगेटिव्हवर सावलीला सर्वांत कमी उजेड मिळतो. ती पायथ्याखालीं गेली तर संपलीच.

१९४१ सालच्या शरदांत न्यू मेक्सिकोमधील हर्नांडेझ या खेड्याजवळून मोटारीनें जातांना ॲडम्सला एक दृश्य दिसलें: वर चंद्र उगवलेला, खालीं स्मशानांतील पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचीं शेवटचीं किरणें. उजेड मोजण्याचें यंत्र सांपडेना. पण चंद्राची तेजस्विता त्याला पाठ होती. तीवरून हिशेब करून त्यानें एक चित्र घेतलें, आणि दुसरें घेण्यापूर्वींच क्रुसांवरचें ऊन गेलें. निगेटिव्हचा खालचा भाग फार फिका आला होता. १९४८ सालीं त्यानें धीर करून तेवढा भाग रसायनानें गडद करून घेतला. पण मला विशेष वाटतें तें पुढेंच आहे. या चित्राच्या त्यानें आयुष्यभरांत शेंकडों प्रती छापल्या. आरंभींच्या प्रतींत आकाशांत ढगांचे पट्टे स्पष्ट दिसतात. नंतरच्या प्रतींत त्यानें आकाश जवळजवळ काळें करून टाकलें. म्हणजे ढगांच्या छटा त्यानें आपण होऊन टाकून दिल्या. तो त्याचा अधिकार होता, आणि चित्राला त्यानें बळहि आलें. पण त्यानें त्या टाकल्या त्या कागदावर; निगेटिव्हवर ढग जागच्या जागीं होते, आणि उद्यां मत बदललें असतें तर परत आणतां आले असते. आपल्या घरच्या फोटोंचा प्रश्न या एका भेदावर उभा आहे.

आतां संगणकाकडे वळूं. छायाचित्र संगणकांत घालण्याचा पहिला प्रयत्न १९५७ सालचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक-संस्थेंत रसेल कर्श व त्याचे सहकारी यांनीं एक फिरता दंडगोल असलेलें यंत्र तयार केलें. कर्शनें त्यावर आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, पांच सेंटिमीटर बाजूचा एक फोटो चढविला. यंत्रानें त्याचे आडवे १७६ आणि उभे १७६, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके केले. पण प्रत्येक ठिपक्याविषयीं तें यंत्र एवढेंच सांगूं शके: काळा कीं पांढरा. एक उंबरठा ठरवावयाचा. उजेड त्याच्या वर असेल तर पांढरा, खालीं असेल तर काळा. बाळाच्या गालाची गोलाई, कपाळाची मऊ सावली, या साऱ्यांचा एका उंबरठ्यावर निकाल! कर्शच्या मंडळीनें त्यावर काढलेला तोडगा ल ग्रेला पाहतांक्षणीं आवडला असता. त्यांनीं उंबरठा बदलून तेंच चित्र अनेकदां स्कॅन केलें, आणि ते सारे निकाल एकावर एक रचले. जो ठिपका सगळ्या वेळीं पांढरा ठरला तो निखळ पांढरा, जो एकदांच ठरला तो गडद करडा, आणि मधले मध्यें. बाळाचा चेहरा त्यांतून उमटला. संगणकाच्या जगांतील करडी छटा अशी, अनेक अपुऱ्या साक्षी एकत्र करून जन्मास आली.

आजचा साधा स्कॅनरहि एका ठिपक्याला दोन नव्हे, २५६ पायऱ्या देतो: शून्य म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. डोळ्याला या पुरेशा वाटतात, आणि चित्र नुसतें पाहावयाचें असेल तर पुरतातहि. अडचण येते ती त्यांत ढवळाढवळ करूं लागल्यावर. पागोट्याच्या दोन चुण्या घ्या. एकीचा आंकडा २३०, दुसरीचा २५०. चित्र काळपट वाटलें म्हणून सगळीकडे ४० मिळविले. २५५ च्या वर पायरीच नाहीं, म्हणून दोन्ही चुण्या २५५ वर येऊन थांबल्या. मग उजेड जास्त झाला असें वाटून ४० वजा केले. दोन्ही चुण्या २१५! बेरीज केली तितकीच वजाबाकी केली, तरी हिशेब जुळला नाहीं. वीस पायऱ्यांचा फरक कायमचा पुसला गेला. विड्नेसच्या घाटमाथ्यावर जें घडत होतें तेंच येथें आंकड्यांत घडलें.

‘लेव्हल्स’ नांवाचें जें साधन चित्र सुधारणाऱ्या प्रत्येक प्रणालींत असतें, त्याचा व्यवहार असाच. फिकट फोटोचा सर्व मजकूर समजा ५० ते २०० या पायऱ्यांत आहे. त्या ताणून शून्य ते २५५ केल्या तर चित्र खुलतें; पण १५१ पायऱ्यांचा माल २५६ घरांत पसरला म्हणजे १०५ घरें रिकामीं राहतात. प्रणालींत छटांची शिरगणती दाखविणारी जी आकृति असते, जिला ‘हिस्टोग्राम’ म्हणतात, ती अशा वेळीं दांते तुटलेल्या फणीसारखी दिसूं लागते. गालावर किंवा आकाशांत सावकाश बदलणारी छटा मग पायऱ्यापायऱ्यांनीं, पट्ट्यापट्ट्यांनीं दिसते. आणि ५० च्या खालीं थोडासा मजकूर असेलच, तर तो निखळ काळ्यांत जमा. हिस्टोग्रामच्या दोन्ही टोकांना उभी भिंत चढलेली दिसली कीं समजावें, तेथें कांहीं माणसें एकाच उंचीवर चेंगरलेलीं आहेत. सगळें आपोआप करून देणारी जी कळ असते, ती दोन्ही टोकांचा थोडा अंश बहुधा असा बळी देऊनच चित्राला झळाळी आणते. त्या ‘थोड्या अंशांत’ आजीच्या लुगड्याच्या घड्या असूं शकतात, हें त्या कळीला कसें कळावें?

यावर उपाय आहे, आणि तो कांहीं खर्चाचा नाहीं. बहुतेक चांगल्या स्कॅनरांना २५६ ऐवजीं ६५,५३६ पायऱ्यांच्या नोंदी ठेवण्यास सांगतां येतें. प्रणालींत त्याला सोळा बिट म्हणतात. फरक किती पडतो पाहा. आठ बिटांच्या चित्रांत सर्वांत गडद अष्टमांश भागाला अवघ्या ३२ पायऱ्या मिळतात. तो भाग उजळून चौपट पसरला तर चारांतलीं तीन घरें ओस. सोळा बिटांत त्याच भागाला ८,१९२ पायऱ्या असतात. चौपट काय, दहापट ताणा, शेवटच्या २५६ मध्यें उतरवितांना एकहि घर रिकामें राहत नाहीं. यंत्र तितकें बारीक खरोखर मोजूं शकतें कीं नाहीं हा प्रश्न निराळा. सर्व पायऱ्या खऱ्या नसतात, कांहीं नुसता खडखडाट असतो. तरी कच्चा हिशेब मोठ्या वहींत ठेवण्याचा फायदा व्यापारी माणसाला सांगावयास नको.

स्कॅन करतेवेळीं चित्र सुंदर दिसावें हा आग्रहच सोडावा. तें जरा मिळमिळीत, फिकट दिसूं द्यावें. दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा ठेवावी. आपोआप सुधारण्याच्या कळा बंद कराव्या. विशेषतः पांढऱ्या टोकाला जपावें. जुना नियम सावलीला सांभाळण्याचा होता. आंकड्यांच्या राज्यांत तो उलटा झाला आहे, कारण येथें माथ्यावर हळूहळू सपाट होणारी वाट नाहीं, एकदम कडा आहे. ही पहिली नोंद टिफसारख्या, कांहीं न गाळणाऱ्या स्वरूपांत ठेवावी आणि तिला पुन्हां हात लावूं नये. जो शृंगार करावयाचा तो तिच्या प्रतीवर. जेपेग हें १९९२ सालीं प्रमाणित झालेलें स्वरूप नातेवाइकांना पाठविण्यास उत्तम आहे, पण तें एका रंगाला २५६ च पायऱ्या देतें, आणि जागा वांचविण्यासाठीं बारकावे गाळतें. पुन्हां पुन्हां बदलून सांठविलें तर दर वेळीं गाळतें.

प्रतीवर काम करतांना ‘लेव्हल्स’ पेक्षां ‘कर्व्ह’ बरा. पडद्यावर जी तिरपी रेषा दिसते आणि बोटानें वांकवितां येते, ती हर्टर-ड्रिफील्डांचीच घाटवाट आहे. तिचा कायदाहि तोच. घाटाची एकूण उंची ठरलेली आहे. मध्यें चढ उभा केला कीं टोकांशीं वाट सपाट व्हावयाचीच. चेहऱ्याला उठाव द्यावयाचा तर तो कोणाच्या तरी पोटावर पाय देऊनच मिळतो. पाय कोणावर द्यावा, एवढें मात्र आपल्याला ठरवितां येतें. रेषा कोठेंहि अगदीं आडवी होऊं दिली नाहीं तर निदान कोणी पूर्णपणें नाहींसें होत नाहीं.

याच्या अगदीं उलट असें दुसरेंहि एक व्यसन हल्लीं दिसतें. प्रत्येक सावली उजळावयाची, प्रत्येक कोपरा उघडा पाडावयाचा. अशा चित्रांत चेहऱ्यांभोंवतीं प्रभावळी दिसतात, आणि सगळेंच दिसत असल्यामुळें कांहींच पाहावेंसें वाटत नाहीं. कांहीं अंधार छायाचित्रकारानें बुद्धिपुरस्सर ठेवलेला असतो. पडद्याआडची टेबलाची मोडकी तंगडी दाखविण्याची त्याची इच्छा नव्हती. तो अंधार नोंदींत असावा, आणि दाखवितांना अंधारच राहावा.

शेवटीं पिवळ्या पडलेल्या फोटोंविषयीं. फ्रान्समधील ब्लांकार-एव्हरार यानें १८५० सालीं अंड्याच्या बलकाभोंवतींच्या पांढऱ्या द्रवाचा लेप दिलेला कागद प्रचारांत आणला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक फोटो त्यावरच छापले जात. हा कागद पिवळा पडतो, आणि चित्रांतील रुपें फिकट होतांना आधीं उजळ भागांतील नाजूक छटा जातात. पागोटें आणि उपरणें पहिल्यानें, डोळे आणि मिशा शेवटीं. जुने नकलाकार अशा फोटोची प्रत करण्यासाठीं मुद्दाम जुन्या धर्तीची, फक्त निळें पाहणारी काच वापरीत. कारण डोळ्याला जी छटा फिकट पिवळट, जवळजवळ नसल्यासारखी वाटते, ती निळ्या प्रकाशांत बरीच गडद दिसते. जो आंधळेपणा कुंकवाच्या मुळावर आला, तोच येथें औषध ठरला! स्कॅनरमध्यें ही सोय आयतीच असते, मात्र त्यासाठीं करडा फोटोहि रंगीत म्हणून स्कॅन केला पाहिजे. मग तांबडा, हिरवा व निळा असे तीन वेगळे थर मिळतात. निळा थर एकटा उघडून पाहिला तर नाहींशा झालेल्या चुण्या पुष्कळदां तेथें सांपडतात. त्याबरोबर कागदावरचे पिवळे डागहि अधिक ठळक होतात, हा त्याचा दोष. तांबड्या थरांत डाग मावळतात, पण चित्रहि फिकें होतें. कोणाचें किती घ्यावें हें चित्र पाहून ठरवावें, आणि दहा वर्षांनीं दुसऱ्या कोणी दुसऱ्या रीतीनें ठरवावें. ‘फोटो काळा-पांढराच आहे’ म्हणून तो करड्यांत स्कॅन केला तर यंत्र तिन्ही थर एकांत कालवून टाकतें, आणि कालविलेलें पुन्हां निवडतां येत नाहीं.